दाखवायची खोली

गल्लीत गरिबीला तोटा नव्हता, पण ती साहेबांना पटेल अशी नव्हती. पंक्चरवाल्याच्या घरी फ्रिज होता. तो कधीचाच बंद पडलेला, पंक्चरवाल्याची बायको त्यात चपला ठेवायची. पण पाहणीला आलेल्या माणसाला फ्रिज दिसतो, चपला दिसत नाहीत. टेलरकडे जाड गादी होती आणि तिच्यावर त्याचा लकवा मारलेला बाप झोपून असायचा. साहेबांना गादी दिसली, बाप दिसला नाही. एका बाईनं खिडकीला पडदे लावले, एवढ्यावरून तिची मदत बंद झाली. ती ज्यांच्याकडे भांडी घासायची त्यांनी टाकून दिलेले पडदे होते ते. पण मदतीच्या ऑफिसात बसणाऱ्यांच्या डोक्यात गरिबाच्या घराचं एक चित्र पक्कं बसलेलं होतं आणि त्या चित्रात पडदे नव्हते.

मग गल्लीनं डोकं चालवलं. सगळ्यांनी मिळून एक खोली राखली. पाहणी असली की ज्याची पाळी त्यानं बायकापोरांना घेऊन तिथे बसायचं, हेच आमचं घर म्हणून सांगायचं, आणि साहेबांची पाठ फिरली की उठून आपल्या खऱ्या गरिबीत परत जायचं.

ही गोष्ट ज्या थोरलीची, तिच्या आजीची, म्हणजे आईच्या आईची, ही दाखवायची खोली. आजी तिथे खरोखर राहिली, खरोखर उपाशी झोपली आणि खरोखर खोकून मेली. त्या काळी पाहणीला येणाऱ्या साहेबांना गल्ली आता बापसाहेब म्हणते, कारण सध्याचे साहेब त्यांचेच चिरंजीव. बापसाहेब नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मुलाला घेतलं गेलं. त्याला कुणी आळशी म्हटलं नाही, की बापाच्या जिवावर जगतो म्हटलं नाही. असो. तर बापसाहेब आजीची खोली बघून फार हेलावले होते. डोळे टिपून म्हणाले होते की, मदत द्यावी तर अशा घराला. गल्लीनं ते वाक्य बरोबर लक्षात ठेवलं.

आजी गेल्यावर थोरलीच्या आईनं त्या खोलीतली एक वस्तू हलू दिली नाही. पोचे आलेलं पातेलं, एका पायाच्या जागी विटा रचलेली खाट, काच नसलेली खिडकी आणि भिंतीवरची ओल. आजीच्या वेळी ओल आपोआप येई. पुढे वरच्या मजल्यावरचा गळका नळ कुणीतरी दुरुस्त केला आणि भिंत वाळली. गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून पाहणीच्या आदल्या दिवशी आई पाण्याचा मग घेऊन भिंतीसमोर उभी राहायची आणि पाणी मारायची. पाण्यात थोडा चहा मिसळायची, म्हणजे डाग नीट धरतो.

खोलीला दोन दारं होती, ही तर पर्वणीच. साहेब पुढच्या दारानं आले की ते एक घर, मागच्या दारानं आले की दुसरं. मधल्या वेळात साहेब कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत आणि आतलं कुटुंब बदले. साहेबांना हे कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्यांना ठार वेडं म्हणणं. तीच खाट, तेच पातेलं, तीच ओल. पण खरी घरं बघायची तर अंधारे जिने चढावे लागले असते, आणि साहेबांना गुडघ्यांचा त्रास होता. शिवाय गरिबी अशी एका जागी, बसल्या बसल्या बघायला मिळाली तर नको कोण म्हणेल?

खोलीची राखण आईकडे असल्यामुळे गल्लीत तिचा मान होता. कुणी कुठे बसायचं, कुणी खोकायचं, कुणी गप्प राहायचं, हे ती ठरवायची. पंक्चरवाल्याला तिनं लंगडायला शिकवलं होतं. टेलरच्या बायकोला सांगितलं होतं, "रडू नकोस गं. रडणाऱ्या बाईला साहेब घाबरतात, पटकन उठून जातात. रडू दाबतेस असं दाखव." हे असलं ज्ञान! थोरलीला आठवायला लागल्यापासून आई तिला हेच शिकवत आली होती. मान किती खाली घालायची, हात कुठे ठेवायचे, विचारलेल्या प्रश्नाला आधी थोडं थांबून मगच उत्तर कसं द्यायचं. दुसऱ्यांच्या आया पोरींना पाढे शिकवत होत्या.

आणि थोरलीचा बाप. एकट्या बाईच्या घराला मदत जास्त मिळते, हे कळल्यावर आईनं साहेबांना सांगून टाकलं की नवरा सोडून गेला. तेव्हा तो घरीच होता, पाहणीच्या दिवशी फक्त कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. मग एकदा पाहणी झाली, साहेब गेले, आणि बाप कोपऱ्यावरून परत आलाच नाही. खोटं खरं झालं, एवढाच फरक. मदत तेवढीच राहिली.

थोरलीला या सगळ्याचा भयंकर तिटकारा होता. आईचा, गल्लीचा, साहेबांचा, त्या पातेल्याचा. गल्लीतली बायामाणसं तिला भिकारी वाटायची, आणि तसं ती तोंडावर बोलायचीही. "हात आहेत ना सगळ्यांना? मग पसरायलाच का लागतात?" असं तिनं एकदा भर नळावर विचारलं होतं. बायकांनी आईकडे तक्रार केली. आई म्हणाली, "तोंडाळ आहे कार्टी. पण येईल ताळ्यावर." थोरलीनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं, बघ येते का.

कारण थोरली काम करत होती. चोरून, पण काम. भिंती रंगवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली ती दोन वर्षं होती. आधी पोपडे खरवडायला, मग भेगांत लांबी भरायला, मग हातात ब्रश. मिस्त्री तोंडाचा फाटका माणूस, चुकलं की शिव्या घालायचा. पण कोपरा साफ निघाला की बाकीच्यांना बोलावून दाखवायचा. थोरलीला भिंत कळायची. कुठे पोकळ वाजते, कुठे पाणी मुरलंय, कुठला रंग कशावर धरणार नाही, हे ती हात फिरवून सांगायची.

आणि त्यामुळेच एक विचित्र गोष्ट झाली. एका पाहणीच्या आधी ती खोलीत गेली आणि आईनं मारलेली ओल तिनं पहिल्यांदा कामगाराच्या नजरेनं बघितली. डाग भिंतीच्या मधोमध होता. वर कोरडं, खाली कोरडं, आणि मध्ये ओल! अशी ओल जगात कुठे येत नाही. ओल खालून चढते नाहीतर वरून उतरते. कुणी रंगारी आला असता तर पोट धरून हसला असता. थोरलीला इतकी लाज वाटली की तिचे कान तापले. लाज खोट्याची नव्हती, कामाच्या दर्जाची होती. तिनं आईच्या हातातला मग काढून घेतला, जमिनीलगत भिंत भिजवली, ओल वर चढत गेल्यासारखी कडा सोडली, मिठाचं पाणी फासून वरती ओलीवर येतात तशी पांढरी फुलं आणली, आणि पत्र्यानं हलकेच उचकून रंगाचे पोपडे सोडवले. बघता बघता भिंत अशी सडकी दिसायला लागली की टेलरच्या बायकोनं आत येताच नाकाला पदर लावला. त्या वर्षी गल्लीतल्या कुणाचीही मदत कापली गेली नाही. आईनं भिंतीकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. थोरली म्हणाली, "करायचंच तर नीट तरी करा." आणि तेव्हापासून भिंत तीच करायची. तोंडानं शिव्या घालत, पण करायची.

आता थोरलीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. इतके दिवस तिचं नाव आईच्या मदतीच्या कार्डावर होतं. आता साहेब तिला समोर बसवून विचारणार, आणि तिचं स्वतःचं कार्ड निघणार. विचारायचं फारसं काही नसतं. एकच प्रश्न महत्त्वाचा, काम करतेस का. नाही म्हटलं की कार्ड. करते म्हटलं की कार्ड नाही. वर घरात कमावतं माणूस आलं म्हणून आईचीही मदत बंद.

नेमकं त्याच वेळी मिस्त्रीला मोठ्या दवाखान्याचं काम मिळालं होतं. आत-बाहेर सगळ्या भिंती, निदान वर्षभराचं काम. पण ते सरकारी. तिथे हजेरीपटावर नाव लागणार, आणि मदतीच्या यादीतलं नाव तिथे चालत नव्हतं. मिस्त्रीनं थोरलीला सांगितलं, "एका भिंतीवरची पूर्ण टोळी तुझ्या हाताखाली देतो. पण उघड यायचं. चोरून नाही. पाहणी झाली की संध्याकाळी येऊन सांग, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. मला काय माणसांचा दुष्काळ नाही." मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "दुष्काळ आहे. पण तुझ्यासाठी थांबणार नाही."

थोरलीनं ठरवूनच टाकलं. तिनं कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं होतंच काय? तिनं वाक्यसुद्धा तयार केलं होतं: करते. रंगकाम करते. एवढंच. भिंत खरवडताना ती ते मनाशी म्हणायची, आणि म्हटलं की पाठ आपोआप ताठ व्हायची. मदत गेली तर जाऊ दे, ती कमावणार होती. तिला साहेबांचं तोंड बघायचं होतं. आईचंही.

पाहणीच्या सकाळी आईनं नेहमीप्रमाणे सगळी मांडामांड केली. चांगलं भांडं दिसत नाही ना, मोबाइल चार्जिंगला राहिला नाही ना, हे बघितलं. धाकट्याला चुरगळलेला शर्ट घालायला लावला. धाकटा चवथीत होता आणि त्याला ही शाळेला दांडी मारायची हक्काची संधी वाटायची. मग आईनं थोरलीला समोर उभं केलं.

"केस इतके चापून नको बांधूस. आणि चपला काढ त्या."

"जुन्याच आहेत."

"स्वच्छ आहेत."

थोरलीनं चपला काढून भिरकावल्या. आई शांतपणे त्या उचलून खऱ्या घरी ठेवून आली.

"शिक्षण विचारतील. अर्ध्यात सुटलं म्हण. का सुटलं ते विचारतील, तेव्हा माझ्याकडे बघ. बोलू नकोस, नुसती बघ."

"आणि कामाचं विचारतील तेव्हा?" थोरलीनं मुद्दाम विचारलं. तिला भांडण हवं होतं.

आई पातेलं पुसत होती. ती म्हणाली, "त्याचं काय ते तू बोल. मी मध्ये पडणार नाही."

थोरलीला वाटलं, बघा! जबाबदारी माझ्यावर ढकलून मोकळी. म्हणजे मी नाही म्हटलं तर माझंच, आणि हो म्हटलं तर घर उपाशी मारल्याचं पापही माझंच. आईच्या या गरीब गाईच्या सोंगाला ती चांगली ओळखून होती. तिनं मान उडवली आणि खाटेवर जाऊन बसली.

साहेब पुढच्या दारानं आले. गोल चेहरा, इस्त्रीचा शर्ट आणि दुःख ऐकायला तयार असलेले डोळे. खुर्ची त्यांच्यासाठी टेलरकडून मागवलेली असायची आणि ती साहेबांबरोबर आत-बाहेर करायची. हे घर खुर्चीविना आहे हे साहेबांनी खुर्चीत बसूनच लिहायचं. त्यांनी बसल्या बसल्या भिंतीकडे नजर टाकली आणि च्च च्च केलं. थोरलीच्या आत काहीतरी सुखावलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"ही का ती?" साहेब म्हणाले. "केवढीशी होती! खाटेखाली लपायची मला बघून. माझे वडील नेहमी सांगायचे, या घरानं कधी खोटं सांगितलं नाही."

थोरलीच्या ओठावर हसू आलं होतं, ते तिनं दाबलं. या माणसाचं पोट कशावर चालतं? आमच्या उपासावर. आम्ही उद्या खाऊन-पिऊन सुखी झालो तर हा काय लिहील आणि पगार कशाचा घेईल? बापानं आजी बघितली, मुलगा मला बघतोय, आणि आयतं खातो तो, तरी आयतखाऊ म्हणून ऐकायचं मात्र आम्हीच. हे सगळं तिला त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. आता फक्त थोडा वेळ. आता तो प्रश्न.

"शिक्षण?"

"अर्ध्यात सुटलं," ती म्हणाली.

"का बरं?"

थोरलीनं आईकडे बघितलं. ठरवून नव्हे, मान वळली. साहेबांनी समजून मान हलवली आणि लिहिलं.

"काही कामबिम करतेस?"

आला प्रश्न. थोरलीनं श्वास घेतला. वाक्य तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर. ती जरा थांबली. त्या थांबण्यात तिची मान खाली गेली, एक हात दुसऱ्या हाताचं कोपर धरून बसला, आणि तिनं ऐकलं की आपल्याच आवाजात कुणीतरी म्हणतंय, "नाही, साहेब."

ती चमकली. हे कोण बोललं? पण साहेब लिहायला लागले होते. आणि आई, जिनं या जागी हमखास एक सुस्कारा सोडायचा, ती मुळीच हलली नव्हती.

मग साहेबांचं पेन थांबलं. ते पुढे वाकले. "हे काय गं? केसांत?"

थोरलीनं हात लावून बघितला. कानामागे रंगाचा वाळलेला थेंब होता, पांढरा. काल छत मारताना उडाला असणार.

"रंगकामाला जातेस का कुठे?" साहेबांनी विचारलं. आवाजात दरडावणी नव्हती. उलट ते पेन मिटून मागे टेकले. "जात असलीस तर सांग हं. त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे एक रकाना असतो, लाभार्थी स्वावलंबी झाला म्हणून. मी नोकरीला लागल्यापासून त्यात एकदाही खूण केलेली नाही. केली तर वरचे चिडतील, का आनंदतील, देव जाणे. पण तू सांग. जातेस का?"

आता याहून सोपं काय हवं? दार सताड उघडून माणूस बाजूला उभा राहिला होता. हो म्हणायचीसुद्धा गरज नव्हती, मान हलवली असती तरी चाललं असतं. थोरलीला हे सगळं स्वच्छ कळत होतं. आणि तिचं तोंड आपलं आपण निघालं होतं.

"मला कामाला कोण घेतंय, साहेब?" तिनं कानामागचा थेंब नखानं खरवडला आणि बोटावर धरून दाखवला. "ही भिंत. खालून ओल चढते, रंग सुटतो. झोपेत अंगावर पोपडे पडतात. केसांत, अंथरुणात, धाकट्याच्या डोळ्यांत जातात. पुसून पुसून थकलो." मग ती खोकली. मोठ्यानं नाही. खोकला दाबल्यासारखी.

हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आईला ते सात जन्मांत सुचलं नसतं. आईला भिंत कुठे कळत होती?

साहेबांनी उठून भिंतीला बोट लावलं. बोटाला मीठ लागलं. त्यांनी रुमाल काढून आधी बोट पुसलं आणि मग डोळे. "बाई," ते आईला म्हणाले, "पोरगी गुणी आहे. हिचं कार्ड करतो. आणि भिंतीच्या दुरुस्तीसाठीही काही देता येतं का बघतो. अशा घरांनाच द्यायला हवं." मग ते खुर्ची सोडून दाराबाहेर पडले. टपरीवाल्याला त्यांनी लांबूनच हात केला.

खोलीत धाकटा, आई आणि थोरली उरली. धाकट्यानं ताबडतोब शर्ट काढून टाकला. त्याला ताईचं काम फार आवडलं होतं. "ताई, कसली बोललीस! मलापण तसं खोकता येतं," असं म्हणून तो खोकून दाखवू लागला. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. नेहमीचा लाडाचा नाही, खरा. तो बिचारा रडत मागच्या दारानं पळाला.

थोरली आईच्या शाबासकीची वाट बघत होती. तिला ती नको होती. ती आली की आईवर तुटून पडायचं, सगळा दोष तिच्या पदरात घालायचा, तुझ्यामुळे माझ्या तोंडाला हीच सवय लागली म्हणायचं, असं तिच्या मनात होतं. पण शाबासकी येईना.

"बोल ना," थोरली म्हणाली. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

आईनं तिच्याकडे बघितलं. थोरली आजवर ज्या नजरेनं सगळ्या गल्लीकडे बघत आली होती, ती नजर तिनं आज पहिल्यांदा समोरून अनुभवली.

"माझ्या मनासारखं?" आई म्हणाली. "मी तुझ्याएवढी असताना मला दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम मिळत होतं. इस्त्रीवर. याच खाटेवर बसले होते. बापसाहेबांनी विचारलं, काम करतेस का. मी नाही म्हटलं. माझी आई म्हणाली, शाब्बास गं माझी बाय. तो शब्द मला आयुष्यभर पुरला. तुला मी शाब्बास म्हणणार नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?" थोरलीचा आवाज चिरकला.

"काय सांगायचं? मला नाक मुरडण्यातून तुला कधी फुरसत होती? आम्ही भिकारी, आम्हाला हात पसरायची सवय, तू तेवढी कष्टाची. मला वाटलं, बोलते आहे एवढं तर करेलही. मी आज मध्ये पडले का? एक सुस्कारा तरी टाकला?"

"मदत गेली असती तुझी."

"गेली असती. मग बघितलं असतं. लोकांची भांडी आहेत, फरशा आहेत." आईनं पातेलं जोरात खाली ठेवलं. "मला बापसाहेबांनी एकदा विचारलं होतं गं. एकदाच. विचारलं आणि लिहिलं. तुला तो माणूस दोनदा विचारत होता. पेन मिटून बसला होता तुझ्यासाठी. आणि तू? काय ते पोपडे, काय तो खोकला! मी इतकी वर्षं करतेय, मला नाही असं जमलं."

थोरलीला रडायला आलं. खरं रडू होतं ते, पण या खोलीतलं खोटं रडणं बघून बघून तिला खऱ्या रडण्याचीही किळस वाटत आली होती. ती ते गिळत राहिली आणि गिळताना आपण नेमकं टेलरच्या बायकोसारखं दिसतोय, हे तिला कळत होतं.

आईनं पुढचं दार उघडलं. टपरीवर साहेब पाठमोरे उभे होते. ग्लास हातात, चहा फुंकत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर.

"जा," आई म्हणाली. "अजून गेले नाहीत. जा आणि सांग, करते म्हणून. कार्ड निघालेलं नाही अजून. मिस्त्रीही थांबलाय, मला माहीत आहे सगळं. जा की."

थोरली उठली. दारापर्यंत गेली. साहेबांनी चहाचा घोट घेतला. एकदा तर त्यांनी वळून गल्लीकडे बघितलंही, आणि तिला दारात बघून, या पोरीचं कसं होणार असं वाटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तशी माया त्यांच्या चेहऱ्यावर आली. थोरलीचे पाय उंबऱ्याशी थबकले.

"आता कसं सांगू?" ती म्हणाली. "आत्ताच तर नाही म्हटलं मी. आता करते म्हटलं तर खोटारडी ठरेन. त्यांना काय वाटेल?"

आई हसली. हसू कडू होतं, आणि त्यात आश्चर्य मुळीच नव्हतं.

"हेच," ती म्हणाली. "त्या दिवशी मनाशी अगदी हेच म्हणाले होते मी."

मागच्या दारानं पंक्चरवाला आत आला. बायको आणि दोन पोरं मागे होती. तो आतापासूनच लंगडत होता.

"झालं का तुमचं?" त्यानं विचारलं. "साहेबांचा चहा संपत आला."

थोरलीनं पुढचं दार लावून घेतलं.

"झालं," ती म्हणाली, आणि पंक्चरवाल्याच्या बायकोला खाटेवर बसायला जागा करून दिली.